हाताशी असेल त्याला आधी

३ ऑक्टोबर

मुलीला नोकरी लागली. तिचा बाबा राहतो त्या शहरात.

हे तिने फोनवर सांगितलं नाही. घरी आली आणि दारातच, एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी राहून सांगितलं. मी म्हटलं, छान. ती म्हणाली, "राहायचं कुठे ते ठरवतेय." मी म्हटलं, "ठरव." मग तिने दुसरी चप्पल काढली.

जेवताना म्हणाली, रुजू व्हायच्या आधी पाच दिवस नदीवर जाऊ. रबरी होडीतून, डोंगरांमधून. गाइड असतो, रोज काठावर तंबू टाकतात. "तिथे निवांत सांगते सगळं."

सगळं म्हणजे काय ते मला कळतं. त्याच्या घरात तिची खोली आहे. आठ वर्षं आहे. सुट्टीत ती तिथे झोपते. त्या खोलीचे पडदे कुणी निवडले तेही मला माहीत आहे, कारण तिने मला ते कौतुकाने सांगितलं होतं.

लॅबमध्ये रजा मागितली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आणि रजा? बरं नाहीये का?"

६ ऑक्टोबर

आज म्हणाली, "मावशीपण येतेय."

मावशी म्हणजे त्याची बायको. मुलगी तेरा वर्षांची असताना त्याने पुन्हा लग्न केलं. हिने त्या बाईला काय हाक मारावी यावर त्या घरात चर्चा झाली असणार. 'आई' शक्य नव्हतं. 'काकू' परकं वाटलं असेल. मावशी ठरलं. मावशी म्हणजे आईची बहीण. मला बहीण नाही. माझ्या नात्यातली एक रिकामी जागा मला न विचारता भरून टाकली.

मी तो शब्द इथे लिहिणार नाही. ती बाई चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. चष्मेवाली पुरेसं आहे.

"आणि बाबा?"

"त्याला जमत नाहीये."

"मग ती एकटी कशाला येतेय?"

"एकटी कुठे? आपण आहोत की."

हा 'आपण' मी दिवसभर चघळत बसले. लॅबमध्ये एका गृहस्थांना दोनदा सुई टोचावी लागली. माझ्या हातून असं होत नाही. शीर मला बोटांनी सापडते, बघावी लागत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "बाई, आज लक्ष कुठंय?" मी खिडकीबाहेर बघत होते. समोर चष्म्याचंच दुकान आहे. 'भिंगं बसवणारा माणूस पाहिजे' अशी पाटी काचेवर उन्हाळ्यापासून आहे. अक्षरं आता पिवळी पडली आहेत. इतके दिवस त्या दुकानाचं मला काही वाटलं नव्हतं.

११ ऑक्टोबर, पहिला मुक्काम

पेन्सिलने लिहिते आहे. गाइडने सांगितलं, शाई ओली झाली की पसरते.

चष्मेवाली आम्हाला बसस्टँडवर भेटली. मी तिला आजवर चार वेळा पाहिलंय, दर वेळी मुलीला पोचवताना किंवा आणताना, गाडीच्या काचेतून. जवळून ती लहान दिसते. पाच दिवसांच्या नदीसाठी दोन मोठ्या सुटकेसा घेऊन आली. एकीचं हँडल तुटलेलं, त्याला सुतळी बांधलेली. मुलगी धावत जाऊन उचलायला लागली. माझी एक पिशवी होती. ती मीच उचलली.

"अगं, नदीवर निघालीस की लग्नाला?" मुलगी तिला म्हणाली. दोघी हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबल्या.

सुटकेसा जीपमध्येच राहिल्या. ड्रायव्हर त्या शेवटच्या ठिकाणी घेऊन येणार आहे.

काठावर गाइडने सगळ्यांना अंगठ्या, कानातलं काढून एका डब्यात ठेवायला सांगितलं. चष्मेवालीच्या बोटात अंगठी नव्हतीच. माझ्यापुढे घालून यायची नाही असं ठरवलं असेल. एवढे उपकार कुणी मागितले होते?

होडीत आम्ही सहा जण आणि मागे गाइड. आम्ही तिघी, एक बँकेतले गृहस्थ आणि त्यांची बायको, आणि एक मुलगी, जी सतत फोटो काढते. सामानाची होडी वेगळी. पुढे छोट्या कयाकमध्ये एक जण असतो, पाण्यात पडलेल्यांना उचलायला. त्याला सगळे मासा म्हणतात. मासा बोलत नाही.

निघण्याआधी गाइडने लाइफ जॅकेटचे पट्टे इतके आवळले की बँकवाले म्हणाले, "श्वास घ्यायची परवानगी आहे ना?" मग त्याने नियम सांगितले. पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे. होडीच्या कडेला दोरी आहे, ती धरायची. आणि होडी उलटली तर, "हाताशी असेल त्याला आधी धरायचं. आपलं माणूस शोधत बसायचं नाही."

"म्हणजे बायकोला सोडून देऊ?" बँकवाले.

"शेजारणीला धरा. तुमच्या बायकोला शेजारी धरेल."

"यांना ही योजना आवडणारच," त्यांची बायको म्हणाली.

सगळे हसले. चष्मेवाली हसली नाही. तिने चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी बांधली आणि ती मानेमागे घट्ट केली. तिला पोहता येत नाही, हे मला मुलीकडून कळलं. मग आली कशाला?

पाणी थंड आहे. हिरवं आहे. इतकं शांत की मला झोप येत होती.

मुक्कामावर गाइड तंबू वाटत होता. मुलगी त्या फोटोवालीबरोबर. बँकवाले जोडीने. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "दोघी बहिणी एका तंबूत."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. गाइडची चूक नव्हती. मुलगी मला आई म्हणते, तिला मावशी. ती मला ताई म्हणते. दुसरं त्याला काय वाटणार? त्याला समजावायचं तर बँकवाल्यांसमोर, फोटोवालीसमोर, सगळ्या संसाराची घडी उलगडून दाखवावी लागली असती. मी वाट पाहिली, ती सांगेल म्हणून. ती म्हणाली, "चालेल ना, ताई?"

चालेल, म्हटलं.

आता ती शेजारी, पाठ करून झोपली आहे. घोरत नाही. घोरत असती तर बरं वाटलं असतं.

१२ ऑक्टोबर

गाइडने जागा बदलल्या. पुढच्या दोघांची लय जुळावी लागते, मागचे त्यांच्याकडे बघून वल्ही मारतात. त्याने सगळ्यांना आलटून पालटून बसवून पाहिलं. मुलीबरोबर मला बसवलं तेव्हा म्हणाला, "आई, तुम्ही तिच्या आधी मारताय." पुन्हा केलं. "आता उशिरा." मग चष्मेवालीला बसवलं. दोन वल्ही एकदम पाण्यात गेली, एकदम बाहेर आली.

"हां! मावशी-भाचीचं जमतंय," गाइड म्हणाला. "तुम्हा दोघींची सवय दिसतेय."

दिवसभर मी मधे बसून दोन पाठी बघितल्या. एक वाकली की दुसरी वाकायची. मुलीची मान माझ्या आईसारखी आहे. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. त्या घरात सांगणारं कोण आहे?

आज तीन वेगवान उतार लागले. होडी आधी थांबल्यासारखी होते, मग पाणी तिला खाली ओढतं. गाइड ओरडतो, फॉरवर्ड! फॉरवर्ड! नाकातोंडात पाणी जातं, आणि खाली आल्यावर सगळे उगाच हसत सुटतात. बँकवाल्यांची बायको तर रडता रडता हसली. मी हसत होते हे मला नंतर फोटोत दिसलं.

मुक्कामाच्या वर एक पूल आहे. पुलावर फोनला रेंज येते. सगळे रांगेने वर गेले. बँकवाल्यांनी मुलाला फोन केला, फोटोवालीने कुणाला तरी पाऊण तास. मुलीने नोकरीच्या ठिकाणी. मी लॅबमध्ये केला, कारण नुसतं उभं राहणं बरं दिसत नव्हतं.

चष्मेवाली खालीच राहिली. दगडावर बसून भांडी घासत होती, जी घासायचं काम तिचं नव्हतं. नवऱ्याला एक फोन करावासा वाटत नाही. इतकी खात्री आहे त्याच्याबद्दल. मला कधी नव्हती.

१३ ऑक्टोबर

दुपारी पाऊस. होड्या काठाला बांधल्या आणि तंबूत बसलो. एका तंबूत दोन माणसं, आणि बाहेर जायला जागा नाही. मी मोजे पिळले. तिने चष्मा पुसला. मी पुन्हा मोजे पिळले.

ती म्हणाली, "ताई, एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या वेळी तो बोलायचा बंद व्हायचा का?"

"व्हायचा."

"तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"घासलेली भांडी पुन्हा घासायचे."

"आणि मग?"

"मग एक दिवस बोलायचा. पेपर कुठंय, असं काहीतरी."

"हो का," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "किती दिवसांनी?"

मी सांगितलं नाही. तिला काय पाहिजे होतं ते उघड होतं. तिच्याशी तो बोलतो. माझ्याशी तो किती गप्प होता हे तिला ऐकायचं होतं, म्हणजे तिच्या वाट्याला आलेला तो आणखी बोलका दिसेल. मी म्हटलं, "पाऊस थांबला बहुतेक." थांबला नव्हता.

ती म्हणाली, "तुमच्या चष्म्याची डावी काडी सैल आहे. द्या." मी दिला नाही. मग संध्याकाळी सूप पिताना तो घसरून वाटीत पडला. मुलगी इतकी हसली की तिच्या नाकातून सूप आलं. चष्मेवालीही हसली. तिने वाटीतून चष्मा काढला, धुतला, खिशातून एवढासा पेचकस काढून काडी आवळली आणि माझ्या नाकावर बसवला. न विचारता. तिच्या बोटांना साबणाचा वास होता.

"ही खिशात पेचकस घेऊन हिंडते," मुलगी म्हणाली. "बाबा म्हणतो..." आणि थांबली.

"काय म्हणतो?" मी.

"काही नाही. जाऊ दे."

माझ्यापासून काहीतरी लपवतायत. मी येते तेव्हा बोलणं बंद होतं. आज दोनदा झालं. लाकडं आणायला गेल्या, तेव्हा मुलीचा हात तिच्या पाठीवर होता, असा वरखाली, लहान मुलाला थोपटतात तसा. मला पाहिल्यावर काढला.

उद्या मोठा उतार आहे. त्याचं नाव सासूबाई. गाइड म्हणाला, "वरून काही बोलत नाहीत. खाली गेल्यावर कळतं."

१४ ऑक्टोबर

हात दुखतोय. तरी लिहिते.

सासूबाईंच्या वर काठाला थांबून गाइडने आम्हाला खडकावर नेलं आणि कुठून जायचं ते दाखवलं. डावीकडून. उजवीकडे एक मोठा दगड पाण्याखाली आहे, त्याच्या मागे पाणी उलटं फिरतं. "तिकडे जायचं नाही." चष्मेवालीने विचारलं, "चालत जाता येतं का कडेने?" गाइड म्हणाला, येतं, मासा नेईल. मुलगी म्हणाली, "मावशी, तू चालत जा. खरंच." चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही. ती म्हणाली, "नको. बसते."

आम्ही डावीकडूनच गेलो. पण मधे होडी एका लाटेवर तिरकी झाली. गाइड ओरडला, सगळे उजवीकडे! आणि मी उजवीकडे गेले की नाही हे मला आठवत नाही. मग आकाश नव्हतं.

वर आले तेव्हा होडी शेजारी उपडी तरंगत होती. आवाज खूप होता. माझ्या उजव्या हाताशी चष्मेवाली होती. चष्मा दोरीसकट गेला होता, डोळे उघडे, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, बघता येत नव्हतं. हात पुढे केलेला. मी तो धरला. मनगट धरलं. नाडी माझ्या बोटांना लागली, फार जलद, नीट भरलेली. ही सवय आहे, पाण्यातही गेली नाही.

पलीकडे, होडीच्या दुसऱ्या टोकाला मुलीचं हेल्मेट दिसलं. तिने दोरी धरली होती. दोन्ही हातांनी. ती ओरडली, "मावशी!"

आई, असं ओरडली नाही.

मी मनगट सोडलं आणि मुलीकडे गेले.

सोडलं ते ओरडणं ऐकून, की आधीच, हे मला सांगता येत नाही. दुपारपासून मी ते दोन्ही प्रकारांनी आठवून बघते आहे.

मुलीपाशी पोचले, तिच्या जॅकेटचा पट्टा धरला. ती मला म्हणाली, "मला काय धरतेस! ती कुठंय?" मी मागे पाहिलं. हाताशी कुणी नव्हतं. उजवीकडे, त्या दगडाच्या मागे, काहीतरी केशरी वर आलं, खाली गेलं.

माशाने तिला बऱ्याच खाली बाहेर काढलं. आम्ही काठाने धावत गेलो तेव्हा ती वाळूवर बसून ओकत होती. कपाळावर खोक. मुलगी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "मी कोण? सांग, मी कोण?" चष्मेवाली म्हणाली, "अगं, आंधळी झालेय, वेडी नाही."

माशाने प्रथमच तोंड उघडलं. मला म्हणाला, "तुमच्या बहिणीने हेल्मेट नीट बांधलं होतं म्हणून."

खोक मी साफ केली. ते काम मला येतं. मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "आई, तुझ्या हातात होती ना ती?"

कापूस माझ्या हातात होता. तो मी पुन्हा ओला केला.

"माझाच हात सुटला गं," चष्मेवाली म्हणाली. "मला काही दिसतच नव्हतं."

मुलगी गेली चहा आणायला. मी पट्टी लावली. म्हटलं, "खोटं का बोललात?"

ती डोळे बारीक करून माझ्या दिशेने बघत होती, थोडी बाजूला, जिथे मी नव्हते तिथे. म्हणाली, "तिच्यापुढे तुम्हाला वाईट ठरवून मी जाऊ कुठे, ताई?"

जायचं कुठे म्हणजे? घरी. तिला घर आहे, पडदे आहेत. डोक्याला मार लागलाय, काहीतरी बोलत असेल. मी बुबुळं तपासली, टॉर्च मारून. सारखीच होती.

१५ ऑक्टोबर

चष्मा नसल्याने तिला हातभर अंतरापलीकडचं धुरकट दिसतं. होडीपर्यंत दगडांवरून जायचं होतं. मुलगी तिचा हात धरायला पुढे आली. मी त्याआधी धरला. दिवसभर त्या दोघी हातात हात घालून माझ्यापुढे चालणार आणि मी मागून ते बघणार, त्यापेक्षा हे बरं. दुसरं काही कारण नव्हतं. गाइड कौतुकाने म्हणाला, "सख्ख्या बहिणी, दुसरं कोण करणार!"

"पाय डावीकडे ठेव," मी म्हटलं. "तिथे नको, तो हलतो. हां." अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी तिला अगं-तुगं करते आहे. तिने माझं मनगट धरलं होतं, मी तिचं नाही. घट्ट.

होडीत तिला मधे बसवलं, मला मुलीशेजारी पुढे. लय जुळली नाही. गाइडने जागा बदलल्या नाहीत. आज पाणी सरळच होतं.

शेवटच्या ठिकाणी जीप उभी होती. सामान उतरवेपर्यंत मुलगी मला कडेला घेऊन गेली. तिथे एक मोडका बाक आहे. ती बसली नाही.

"आई, मावशी बाबाच्या घरातून निघालीय. महिना होत आला."

मी बसले.

"तो बोलत नव्हता तिच्याशी. उन्हाळ्यापासून. एक शब्द नाही. तुला माहितीये ते कसं असतं." मग म्हणाली, "तुलाच माहितीये. दुसऱ्या कुणाला सांगायचं?"

दुकान त्याच्या मित्राचं आहे, म्हणून तेही तिने सोडलं. सुटकेसांमध्ये तिचं सगळं आहे. मुलीने नोकरीच्या गावात दोन खोल्या बघितल्या आहेत. त्या दोघी तिथे राहणार. "तुला न सांगता करायचं नव्हतं. मला वाटलं, तू तिला एकदा नीट बघावंस. गाडीच्या काचेतून नाही."

मी ज्याची भीती धरून बसले होते ते पडद्यांचं घर नव्हतंच. हे वेगळं होतं. दोन खोल्या. दारावर दोन नावं. शनिवारी दोघी बाजारात. ही आजारी पडली तर तिला कळणार, मला नंतर, फोनवर. त्याच्या घरात ती पाहुणी तरी होती. इथे संसारच.

मी म्हटलं, "काल."

"काय काल?"

"हात तिचा सुटला नाही."

"माहितीये," मुलगी म्हणाली. "मी समोर होते."

नदीचा आवाज इथे नाही म्हणण्याइतका कमी आहे. ड्रायव्हर सुटकेसा काढत होता. सुतळीचं हँडल तुटलं आणि तो पुटपुटला.

"मी दोरी धरून होते, आई. मला काही होणार नव्हतं." ती हसत होती की काय, मी वर बघितलं नाही. "तरी तू माझ्याकडेच आलीस. येडी कुठली."

तिने ते प्रेम म्हणून धरलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. ते काय होतं हे मला माहीत असतं तर केलं असतं.

मग मी म्हटलं, "आमच्या लॅबसमोर चष्म्याचं दुकान आहे."

"बरं?"

"माणूस पाहिजे अशी पाटी आहे. उन्हाळ्यापासून. मागची खोली रिकामी आहे माझ्याकडे. तुझी नवी नोकरी, तू दिवसभर बाहेर. तिला दिसत नाही धड. कोण बघणार?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी पटकन विचार केला होता. त्या दोघी तिकडे राहिल्या तर मी एकटी इकडे. ती इकडे राहिली तर मुलगी सुट्टीला जाईल कुठे? इकडेच. तिला भेटायला म्हणून का होईना, दार माझं वाजवेल. याला कुणी चांगुलपणा म्हणू नये.

मुलीने तो म्हटलाच. माझ्या गळ्यात पडली आणि माझा चष्मा वाकडा केला. चष्मेवाली लांबून म्हणाली, "काय झालं? कुणी मला सांगेल का? मला दिसत नाहीये."

१९ ऑक्टोबर

हँडल तुटलेली सुटकेस मागच्या खोलीत, पलंगाखाली जात नाही. दुसरी गेली. शेजारणीने विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, बहीण. लांबलचक सांगण्यापेक्षा सोपं.

दुकानदार म्हणाला, उद्यापासून या, पण आधी स्वतःला चष्मा करून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक पळेल.

२३ नोव्हेंबर

दुपारी खिडकीतून ती दिसते. मान खाली घालून काम करते. दुकानदार तिला दोनदा चहा देतो. मला डॉक्टरांनी इतक्या वर्षांत एकदा दिलाय, तोही गार झालेला, दुसऱ्यासाठी मागवलेला.

ती भांडी नीट ठेवत नाही. मोठ्यात लहान ठेवायची असतात, हे सांगून झालं. आंघोळीला फार वेळ लावते. माझ्या जुन्या दोन चष्म्यांना तिने नवी भिंगं बसवली, पैसे घेत नाही, आणि मला आता कोपऱ्यातली जाळी दिसायला लागली आहेत.

परवा त्याचा फोन आला म्हणे, तिच्या दुकानात. नवं दुकान त्याला कसं कळलं देव जाणे. पेपर कुठे ठेवला होतास, असं विचारलं. सहा महिन्यांनी. तिने हे मला स्वयंपाकघरात सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ओट्याला धरावं लागलं. नंतर तिने घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. मी तिच्या हातातून घेतली आणि जागेवर ठेवली, मोठ्यात लहान.

आज मुलीचा फोन आला. मी उचलला.

"मावशी आहे का?"

"आहे. पाय धुतेय."

"बोलाव ना. मला तिला एक विचारायचंय, ऑफिसातल्या एका..."

"आधी माझ्याशी बोल," मी म्हटलं. "मी हाताशी आहे."

पलीकडे तिने खुर्ची ओढली. मग हसली. मग बोलायला लागली, ऑफिस, जिना, शेजारची खोली, कुणीतरी एक जण जो रोज तिच्यासाठी लिफ्ट थांबवून धरतो. बराच वेळ बोलली.

चष्मेवाली टॉवेल घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी तिला हाताने खूण केली. थांब.